पाढा पाठ, पण ‘सात आठे किती?’ला अडतं : घरी पाढे कसे घ्यायचे

सातचा पाढा धडाधड म्हणणाऱ्या मुलाला मध्येच ‘सात आठे?’ विचारून पाहा. बरीच मुलं ‘सात एके सात’पासून सुरू करतात आणि ओठातल्या ओठात पुटपुटत आठव्या पायरीपर्यंत येतात. उत्तर बरोबर येतं, म्हणून घरातले निश्चिंत होतात. खरं तर मुलाला पाढ्याची चाल पाठ आहे, गुणाकार पाठ नाही. हा फरक भागाकार सुरू झाला की बोचू लागतो. ३९२ ला ७ ने भागताना ‘३९ मध्ये सात किती वेळा’ आणि मग ‘४२ मध्ये किती वेळा’ असे दोनदा पाढे चढावे लागले, की कुठल्या पायरीवर होतो तेच मूल विसरतं. मग ‘भागाकार येत नाही’ असा शेरा मिळतो. अडलेलं असतं ते पाढ्यांत.

तरी मराठी पाढ्याची चाल टाकून देऊ नका. ‘बे दुणे चार’ यात ‘गुणिले’ नाही, ‘बरोबर’ नाही. तीन शब्दांत काम संपतं आणि ठेकाही मिळतो. ‘त्रिक’ म्हणायचं की ‘तिरी’, ‘सक’ की ‘साही’, ‘साते’ की ‘साती’ हे घराघरात वेगळं असतं. आजी म्हणते ते आणि बाबा म्हणतात ते जुळत नसेल, तर एक रूप ठरवा आणि सगळ्यांनी तेच वापरा. चाल ही मात्र पहिली पायरी आहे. पुढचं बरंचसं काम ती तोडून प्रत्येक गुणाकार सुटा करण्याचं आहे.

आधी वीस प्रश्न

सुरुवातीला मुलाला काय येतं ते बघा. पुढचे प्रश्न याच क्रमाने तोंडी विचारा: २×७, ५×४, १०×६, ३×३, ४×३, ९×२, ५×८, ६×३, ४×४, ७×५, ३×८, ९×५, ६×६, ४×७, ८×४, ९×९, ७×६, ८×६, ७×८, ६×०. प्रत्येकासमोर तीनपैकी एक खूण करा: लगेच आलं, मोजून आलं, चुकलं. ‘लगेच’ म्हणजे मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत. घड्याळ दाखवू नका, चुकलं तरी तिथे दुरुस्त करू नका, ही परीक्षा आहे असंही सांगू नका. ‘मोजून आलं’च्या खुणा जास्त असतील तर मुलाला गुणाकार कळला आहे, फक्त सराव हवा. चुका बेच्या आणि पाचच्या पाढ्यातच असतील तर थोडं मागे जाऊन वस्तू मांडून दाखवायला लागेल.

वस्तू मांडायला फार सामान लागत नाही. अंड्यांचा तीसचा ट्रे म्हणजे सहा-सहाच्या पाच रांगा. तोच आडवा फिरवला की पाच-पाचच्या सहा. दहा गोळ्यांच्या पट्टीत बहुधा पाच-पाचच्या दोन ओळी असतात. चिंचोके, बटणं, राजमा काहीही चालेल, पण ढीग करू नका, रांगा करा. ढिगातून मूल फक्त मोजायला शिकतं. रांगांमधून ‘तीन चोक’ आणि ‘चार त्रिक’ एकच आहेत हे दिसतं, आणि नेमकी हीच गोष्ट पुढचं निम्मं पाठांतर वाचवते.

पाठ करायचं किती?

१ ते १० चे पाढे म्हणजे शंभर ओळी. एवढं ओझं ऐकूनच मूल दबतं. प्रत्यक्षात १ आणि १० चे पाढे नियमाने येतात, त्यांना पाठांतर नको. उरले २ ते ९. त्यात ७×८ आणि ८×७ एकदाच धरले, तर एकूण ३६ गुणाकार होतात. छत्तीसच.

हे छत्तीस २, ३, ४, ५ अशा ओळीने न घेता असे घ्या: आधी २, मग ५, मग ४, मग ९, मग ३. शाळेत क्रम वेगळा असेल तर बिघडत नाही. चाल शाळेच्या क्रमाने म्हणू द्या, घरचा सराव या क्रमाने ठेवा. बेच्या पाढ्यात नवे गुणाकार ८. पाचच्या पाढ्यात २×५ आधीच झालेला असल्याने नवे ७. चारच्यात ६, नऊच्यात ५, तीनच्यात ४. इथपर्यंत तीस झाले. आता ६, ७ आणि ८ या ‘कठीण’ पाढ्यांत मिळून राहतात फक्त सहा: ६×६, ६×७, ६×८, ७×७, ७×८, ८×८. हे मुलाला कागदावर दाखवा. चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा तक्ता आखायचा आणि आलेला गुणाकार रंगवायचा. ३×७ रंगवला की ७×३ चा चौकोनही रंगवायचा. रिकामे चौकोन झपाट्याने कमी होतात आणि ‘अजून किती?’ हे विचारायची वेळच येत नाही.

हा क्रम निवडण्याचं कारण असं, की प्रत्येक पाढा आधीच्या पाढ्यातून काढता येतो. चारचा म्हणजे बेच्या उत्तराची दुप्पट. आठचा म्हणजे त्याचीही दुप्पट: ७ चे १४, १४ चे २८, २८ चे ५६. नऊचा दहामधून एकदा वजा करून मिळतो: ९×६ म्हणजे ६० वजा ६. नऊच्या उत्तरातले दोन अंक मिळवले की नऊच येतात आणि दशकाचा अंक विचारलेल्या संख्येपेक्षा एकाने कमी असतो, त्यामुळे ९×६ चं उत्तर पन्नाशीत आहे हे आधीच कळतं. तीनचा बेमध्ये एकदा मिळवून. शेवटच्या सहांसाठी पाचचा आधार घ्या: ६×७ म्हणजे ३५ आणि ७. ७×८ म्हणजे ४० आणि १६. हे फक्त तोंडी सांगू नका. चौकटीच्या कागदावर आठ-आठ ठिपक्यांच्या सात ओळी काढा आणि पाचव्या ओळीखाली कागद दुमडा. वर ४०, दुमडलेल्या भागात १६. उलगडला की ५६.

हिशेब करून उत्तर काढणं म्हणजे अजून पाठ न होणं. पण विसरलं तर परत कुठून काढायचं हे माहीत असलेलं मूल गडबडत नाही, आणि वारंवार काढून काढून उत्तर आपोआप तोंडात बसतं. निव्वळ रट्टा मारलेलं एकदा विसरलं की हातात काहीच राहत नाही.

मराठी संख्यानावांचा अडथळा

बऱ्याच चुका पाढ्यांच्या नसतातच, त्या संख्यांच्या नावांच्या असतात. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर: ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र साठाचे सहा आधी. म्हणून मूल ‘सात नवे त्रेसष्ट’ बरोबर म्हणतं आणि ३६ लिहितं. त्यात भर म्हणजे ३६ हीसुद्धा पाढ्यातलीच संख्या, त्यामुळे चूक डोळ्यांत भरत नाही. अशा उलटसुलट जोड्या पाढ्यांत सहा आहेत: १२ आणि २१, १८ आणि ८१, २४ आणि ४२, २७ आणि ७२, ३६ आणि ६३, ४५ आणि ५४. वहीत चूक सापडली तर ती या जोड्यांतली आहे का ते आधी बघा. असेल तर पाढा पुन्हा पाठ करून घेण्यात अर्थ नाही.

१०×१० च्या तक्त्यात शंभर घरं असली तरी वेगवेगळ्या संख्या ४२ च आहेत. त्यातल्या दहापर्यंतच्या दहा आणि वीस-तीस-चाळीस अशा पूर्ण दशकांच्या (शंभर धरून) नऊ सोडल्या तर २३ राहतात: १२, १४, १५, १६, १८, २१, २४, २५, २७, २८, ३२, ३५, ३६, ४२, ४५, ४८, ४९, ५४, ५६, ६३, ६४, ७२, ८१. या २३ चं श्रुतलेखन घ्या. तुम्ही बोला, मुलाने अंकात लिहावं. मग तुम्ही अंक दाखवा, मुलाने बोलावं. एकोणपन्नासचे ५९ होतात, चोपन्न आणि चौसष्ट एकमेकांत मिसळतात, तिथे थांबा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. वादात पडायचं कारण नाही, पण पाढ्यांपुरती ती युक्ती कामाची आहे: ‘सात नवे त्रेसष्ट, साठ तीन’ असं काही दिवस म्हणायला लावलं की अंक उलटे पडणं थांबतं.

सेमी-इंग्रजी किंवा इंग्रजी माध्यमाच्या मुलांना वर्गात ‘सेव्हन एट्स आर’ आणि घरी ‘सात आठे’ असा दुहेरी मारा होतो. पाठांतर एकाच भाषेत करा, शक्यतो ज्या भाषेत मूल मनात मोजतं त्या भाषेत. दुसऱ्या भाषेत पाढे पुन्हा पाठ करायची गरज नाही. ते २३ आकडे वाचता आले की पुरे. ५६ डोळ्यांसमोर उभे राहिले की ‘छप्पन’ही म्हणता येतं आणि ‘फिफ्टी सिक्स’ही.

पत्त्यांएवढी कार्डं आणि तीन डबे

जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून ३६ कार्डं कापा. एका बाजूला वर ७×८ आणि त्याखाली ८×७. मागे मोठ्या अंकात ५६, खाली बारीक ‘छप्पन’. ती एकदम मुलासमोर टाकू नका. तीन डबे घ्या: ‘रोज’, ‘दिवसाआड’ आणि ‘रविवार’.

एका बैठकीत नवी कार्डं तीनच, फार तर. त्यात आधी आलेली सहा-सात मिसळा. नवं कार्ड विचारायचं नसतं, सांगायचं असतं: कार्ड दाखवा, ‘सात आठे छप्पन’ म्हणा, उत्तर कसं निघतं ते एका वाक्यात सांगा, मुलाकडून म्हणवून घ्या. मग मध्ये एक ओळखीचं कार्ड आणि पुन्हा तेच. नंतर मध्ये तीन कार्डं सोडून पुन्हा तेच. बैठकीच्या शेवटी एकदा. हे वाढत जाणारं अंतर महत्त्वाचं आहे. सलग दहा वेळा ‘सात आठे छप्पन’ म्हणवून घेतलं तर दहाही वेळा बरोबर येतं आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी असते, कारण त्या दहा वेळांत आठवावं असं काहीच लागलेलं नसतं.

सलग तीन दिवस लगेच आलेलं कार्ड ‘दिवसाआड’मध्ये जातं, तिथे तीनदा लगेच आलं की ‘रविवार’मध्ये. कुठेही चुकलं की थेट ‘रोज’मध्ये परत. उत्तर मोजून काढलं तर ते चूक नाही, पण कार्ड पुढेही सरकत नाही.

चुकीच्या उत्तरावर ‘नीट विचार कर’ म्हणू नका. मूल विचार करत नाही, अंदाज टाकतं: चोपन्न? अठ्ठेचाळीस? आणि म्हटलेलं चुकीचं उत्तरही डोक्यात मुरत जातं. तीन-चार सेकंद थांबा. आलं नाही तर कार्ड उलटवा, पूर्ण ओळ म्हणवून घ्या आणि ते दोन-तीन कार्डांनंतर पुन्हा येईल असं खाली सरकवा. आवाज चढवायचा नाही.

दिवसाला दहा मिनिटं बास. एक मिनिट चालू पाढ्याची चाल, एकदा सरळ आणि एकदा उलटी (‘सात दाहे सत्तर, सात नवे त्रेसष्ट…’). पाच-सहा मिनिटं कार्डं. उरलेला वेळ खेळ. दोन वेळा पाच-पाच मिनिटं जमलं तर आणखी चांगलं. रविवारी बसून तासभर घेतल्याने आठवड्याची भरपाई होत नाही.

खेळासाठी पत्त्यांचा कॅट काढा आणि राजा, राणी, गुलाम बाजूला ठेवा. दोघांनी एकेक पत्ता उलटवायचा, गुणाकार आधी सांगेल त्याचे दोन्ही पत्ते. मोठं भावंड सारखं जिंकत असेल तर हा खेळ बंद करा; त्याऐवजी आळीपाळीने उलटवा. शेवटचे सहा गुणाकार पक्के करायला फक्त ६, ७, ८ चे बारा पत्ते ठेवा. सापशिडीचे दोन फासे गुणायचे झाले तर उत्तर ३६ च्या पुढे जात नाही. फाशाच्या बाजूंवर चिकटपट्टी लावून ४ ते ९ लिहिलेत तर तोच फासा कामाला येतो.

कुठे बिघडतं

‘पाढे दहा वेळा लिहून आण’ हा गृहपाठ मुलं कसा करतात ते एकदा शेजारी बसून बघा. आधी सातांचा उभा रकाना, मग गुणिलेच्या खुणा, मग १ ते १०, मग बरोबरच्या खुणा, आणि शेवटी उत्तरं सात-सात मिळवत. कधी कधी तर पहिल्या पाढ्यावरून दुसरा उतरवलेला. हात दुखतो, गुणाकार एकही आठवावा लागत नाही. शाळेने दिलंय म्हणून लिहायचंच असेल, तर निदान आडवं लिहू द्या आणि ओळी मिसळून: ७×४, ७×९, ७×२. भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ताही सरावाच्या वेळी झाका. समोर दिसत असेल तर डोळे तिकडेच जातात.

चुकीचं उत्तर कुठलं आहे यावरून कारण कळतं. ७×८ ला ४९ किंवा ६३ आलं, तर मूल पाढा चढताना एक पायरी चुकलं. त्याला सुट्या कार्डांची गरज आहे. ७×८ ला ५४ आलं, तर ६×९ शी गल्लत आहे; ती दोन कार्डं शेजारी ठेवून दाखवा आणि अशी दोन कार्डं एकाच दिवशी नवी म्हणून घेऊ नका. ५, ६, ७, ८ हे ओळीने येतात (५६ = ७×८) ही खूण मुलांना आवडते आणि टिकते. ६×८ आणि ७×७ यांच्या उत्तरांत एकाचाच फरक, ४८ आणि ४९. ७×७ सारखा वर्ग पक्का असेल तर शेजारचं तपासता येतं. तसंच ८×८ चे ६४ आणि ७×९ चे ६३.

शून्याचं वेगळं बघा. आपला पाढा ‘एके’पासून सुरू होतो, त्यात शून्याची ओळच नाही. म्हणून ७×० चं उत्तर ७ लिहिणारी मुलं सर्रास सापडतात, आणि ते नेमकं ४०७×६ सारख्या गुणाकारात नडतं. सात रिकाम्या वाट्या मांडा आणि विचारा, एकूण चिंचोके किती? दोन मिनिटांचं काम आहे.

घड्याळ लावून ‘एका मिनिटात किती’ हा प्रकार सगळी ३६ कार्डं रविवारच्या डब्यात जाईपर्यंत नको. कच्च्या गुणाकारावर घाई केली की मूल अंदाज टाकायला शिकतं. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांना मात्र याची तयारी लागते: तिथे ‘इयर फोर’ या इयत्तेत १२×१२ पर्यंतची संगणकावरची चाचणी असते, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. उत्तर टंकायलाही त्याच ६ सेकंदांतले दीड-दोन जातात, म्हणून त्यांना अंक टाइप करायचा सराव वेगळा द्या.

त्याच कार्डांतून भागाकार

गुणाकार आला की लगेच कार्ड उलटीकडून विचारा. ५६ दाखवा: सातच्या पाढ्यात हे कितव्या पायरीवर? आठच्या? मग अवघड प्रकार: सातच्या पाढ्यात ५८ च्या अलीकडची संख्या कोणती, आणि किती उरले? वहीतला भागाकार हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतो. २४ किंवा ३६ अशी दोन जोड्यांची कार्डं आली की मुलाकडून सगळ्या जोड्या काढून घ्या: ३×८, ४×६.

अकराच्या पुढे

शिष्यवृत्ती परीक्षेचं नाव निघालं की घरात तीसपर्यंतच्या पाढ्यांची टूम निघते. जुन्या उजळणीत ते असत, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकीही (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि साडेतीन पटीचे पाढे). तेव्हा शेर-मणाचा आणि रुपये-आणे-पैशाचा हिशेब तोंडी करायचा असे, म्हणून त्यांना महत्त्व होतं. आज त्यातली दिडकी आणि सवायकी अजून उपयोगी आहे, भाजी दीड किलो आणि दूध सव्वा लिटर घेतोच आपण. पण २ ते ९ पक्के नसताना सतराचा पाढा रेटणं म्हणजे दोन्ही कच्चे ठेवणं. अकराच्या पुढे आधी १२, १५ आणि २५ घ्या: डझन, घड्याळातले पाव तास आणि शंभर रुपयांचे चौथे हिस्से यांत ते रोज लागतात. बाकीचे तोडून येतात. १७×८ म्हणजे ८० आणि ५६, १३६. सात आठे छप्पन लगेच आठवणाऱ्या मुलाला हे बोलता बोलता जमतं.

मे महिन्याच्या सुट्टीत ‘रविवार’चा डबा आठवड्यातून एकदा तरी उघडा. जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी सुरुवातीचे तेच वीस प्रश्न परत विचारा आणि जे मोजून आले त्यांची कार्डं ‘रोज’च्या डब्यात टाका.